घरून पार्सल पाठवताना: माप, लेबल आणि टपालखर्च

सातारा येथील आमच्या घराच्या मागच्या खोलीत गोडा मसाला, मेतकूट आणि सुक्या चटण्या तयार होतात आणि तिथूनच त्यांची पार्सले मुंबई-पुण्यापासून बंगळूर, इंदूरपर्यंत रवाना होतात. काम सुरू केले तेव्हा माल चांगला असला की पुढचे सगळे आपोआप मार्गी लागते, अशी माझी समजूत होती. पहिल्याच पावसाळ्यात ती चुकीची ठरली. शाईच्या प्रिंटरवर छापलेले लेबल भिजले, पत्ता पसरला आणि ते पार्सल अकरा दिवस कुठल्याशा गोदामात पडून राहून ओल्या अवस्थेत परत आले. त्यातले मेतकूट एका बाळंतिणीसाठी मागवलेले होते, याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरली आहे: पार्सलला किती खर्च येणार आणि ते वेळेत पोहोचणार की नाही, हे बहुतांशी ते आपल्या टेबलावर असतानाच ठरते. दाराबाहेर गेल्यावर त्याच्या वतीने बोलायला फक्त त्याचे माप आणि त्याच्यावरचे लेबल उरते. म्हणून पुढची सगळी माहिती प्रामुख्याने या टेबलावरच्या कामाची आहे.

घरी नेमके काय छापता येते

अमेरिकेत तिथल्या टपाल खात्याचे तिकीटच घरच्या प्रिंटरवर छापून पाकिटावर चिकटवता येते. तिथल्या नातेवाइकांकडून हे ऐकून आपल्याकडेही तसेच असेल असे अनेकांना वाटते, परंतु आपली व्यवस्था निराळी आहे. टपालाच्या रकमेचा ठसा उमटवणारे फ्रँकिंग यंत्र ठेवण्यासाठी पोस्टाची परवानगी लागते आणि महिन्याला पन्नास-शंभर पार्सले पाठवणाऱ्या घरगुती व्यवसायाला त्याची गरजही नसते. आपण घरी छापतो ते लेबल, म्हणजे ज्यावर घेणाऱ्याचा व पाठवणाऱ्याचा पत्ता, वजन, आणि सोय असल्यास पार्सलचा क्रमांक बारकोडसह असतो तो कागद. पैसे पोस्टाच्या खिडकीवर दिले जातात किंवा आधी भरून ठेवलेल्या रकमेतून वळते होतात.

त्यासाठी सध्या तीन वाटा आहेत. सर्वांत साधी वाट म्हणजे पत्त्याचे लेबल घरी छापायचे, पार्सल जवळच्या पोस्टात न्यायचे आणि तिथे वजन करून स्पीड पोस्टने पाठवायचे; बारकोडाची चिठ्ठी पोस्टातला कर्मचारी लावतो आणि पावतीवर तो क्रमांक मिळतो. पोस्टाच्या संकेतस्थळावर नावनोंदणी केल्यास पत्त्यांची माहिती घरूनही भरता येते, त्यामुळे खिडकीवरचा वेळ बराच वाचतो. दुसरी वाट कराराची: नियमित आणि भरपूर पार्सले असतील तर पोस्टाशी करार करता येतो. अशा ग्राहकाला बारकोडांची मालिका दिली जाते, लेबल तो स्वतः छापतो आणि बिल महिन्याचे एकत्र येते. तिसरी वाट शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ सेवांची आहे. त्यांच्या संकेतस्थळावर अनेक कुरिअर कंपन्यांचे दर एका ठिकाणी दिसतात, आपण त्यातली एक निवडतो, क्रमांकासह तयार लेबल पीडीएफ स्वरूपात मिळते आणि कुरिअरचा माणूस घरी येऊन पार्सल घेऊन जातो.

कोणती वाट निवडावी, याचे उत्तर ग्राहक कुठे राहतो यावर मी ठरवते. देशात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागात आहेत. राजगड (पूर्वीचा वेल्हे), जावळी, धडगाव यांसारख्या तालुक्यांतल्या एखाद्या वाडीवर पार्सल पोहोचवायचे असेल तर मी आजही पोस्टच निवडते, कारण तिथला पोस्टमन त्या घरातल्या माणसांना नावानिशी ओळखतो. शहरातून शहरात जाणाऱ्या पार्सलांसाठी मात्र घरून उचलण्याची सोय आणि दर यांचा विचार करता कुरिअर बरे पडते. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिलेली नाही. ती स्पीड पोस्टमध्येच विलीन झाली आहे. पार्सल त्याच व्यक्तीच्या हाती पडावे असे वाटत असेल तर स्पीड पोस्टवर ५ रुपये आणि त्यावरील जीएसटी भरून नोंदणीची जोड घेता येते. ओटीपी विचारूनच पार्सल द्यावे, ही सोयही तेवढ्याच रकमेत मिळते. महागाची पार्सले पाठवणाऱ्याने हे पाच रुपये वाचवू नयेत.

खोके निवडणे म्हणजेच दर ठरवणे

नव्या विक्रेत्याचे सर्वाधिक पैसे इथे जातात. कुरिअर कंपन्या पार्सलचे दोन प्रकारे वजन धरतात. एक म्हणजे काट्यावरचे खरे वजन. दुसरे म्हणजे आकारमानावरून काढलेले वजन, ज्याला व्यवहारात व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला सामान्यतः ५००० ने भागायचे, म्हणजे हे दुसरे वजन किलोत मिळते. दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते, आणि तीही बहुधा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांत, म्हणजे ५१० ग्रॅमच्या पार्सलला पूर्ण एका किलोचे पैसे पडतात. वर १८ टक्के जीएसटी असतो.

आमच्याच एका नेहमीच्या मागणीचे उदाहरण घेऊ. पाव किलोची तीन पाकिटे, म्हणजे ७५० ग्रॅम माल. खोके, कागद आणि टेप मिळून एकूण ८८० ग्रॅम. घरात हाताशी असलेले २५ बाय २० बाय १५ सेंटिमीटरचे खोके वापरले तर गुणाकार ७५०० होतो आणि त्याला ५००० ने भागून दीड किलो वजन निघते. तोच माल २२ बाय १६ बाय १२ च्या खोक्यात बसवला तर गुणाकार ४२२४ होतो, म्हणजे आकारमानाचे वजन ८४५ ग्रॅमच्या आसपास येते; ते खऱ्या वजनापेक्षा कमी असल्याने ८८० ग्रॅमच धरले जातात आणि आकारणी एका किलोवर थांबते. मालात कणभर फरक नाही, तरी केवळ रिकाम्या हवेसाठी अर्ध्या किलोचे जादा पैसे गेले असते. महिन्याला शंभर पार्सलांवर हा फरक किती होतो, हे प्रत्येकाने आपल्या दरपत्रकावरून एकदा काढून पाहावे.

यासाठी आपल्या मालाचे दोन-तीन ठरावीक संच करावेत आणि त्या मापाचीच कोरुगेटेड, म्हणजे आत नागमोडी थर असलेल्या पुठ्ठ्याची खोकी घाऊकीत आणावीत. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत मशीद बंदर भागात ती मिळतात; जिल्ह्याच्या गावातही खोकी बनवणारा एखादा कारखाना बहुतेक असतोच आणि तो आपल्या मापाची खोकी कापून देतो. हलक्या, न फुटणाऱ्या मालाला तीन पदरी, म्हणजे थ्री प्लाय खोके पुरते. बरणी, लोणचे किंवा दोन किलोंवरचा माल असेल तर फाइव्ह प्लाय घ्यावे. कपड्यांना खोक्याची गरजच नसते. चांगली कुरिअर बॅग पुरते आणि तिचे आकारमानही कमी राहते.

घरी डिजिटल वजनकाटा असणे अनिवार्य आहे. भाजी मोजण्याचा नव्हे, तर एक-दोन ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किंवा दहा किलो क्षमतेचा काटा सपाट जागी ठेवावा आणि अधूनमधून एक किलोच्या सीलबंद मिठाच्या पिशवीने तपासावा. पार्सल टेपसह पूर्ण बंद करून झाल्यावरच वजन करायचे, आधी नाही. मग काट्यावरचा आकडा दिसेल असा एक फोटो आणि तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून तीन फोटो काढून ठेवायचे. हा उपद्व्याप वाटेल, परंतु कुरिअर कंपन्या आपल्या केंद्रात यंत्रावर पुन्हा वजन करतात आणि फरक आढळला तर जादा रक्कम आपल्या खात्यातून कापून घेतात. एकदा आमच्या ८८० ग्रॅमच्या पार्सलवर दोन किलोंची आकारणी झाली होती. फोटो जोडून ठरलेल्या मुदतीत हरकत घेतल्यामुळेच ते पैसे परत मिळाले. मुदत टळल्यावर हरकत ऐकून घेतली जात नाही, म्हणून आठवड्यातून एकदा वजनातील तफावतीची यादी उघडून पाहण्याचा दिवस ठरवून ठेवावा.

माल भरणे

खाद्यपदार्थांच्या बाबतीत खरा शत्रू तेल आहे. चटणीतले तेल पाकिटाच्या सांध्यातून झिरपते, खोक्याच्या पुठ्ठ्यात मुरते आणि बाहेरच्या लेबलापर्यंत पोहोचते. तेलकट पुठ्ठ्यावर चिकटपट्टी टिकत नाही आणि लेबल गळून पडते. यासाठी पाकीट सीलरने बंद करताना तोंडाच्या कडेला मसाल्याची पूड राहू देऊ नये, कारण पुडीचा एक कण जरी मध्ये आला तरी सील पक्के बसत नाही. तोंड कोरड्या फडक्याने पुसून, एकाखाली एक अशा दोन रेघा सील कराव्यात आणि पाकीट तळहाताखाली दाबून पाहावे. हवा सुटली तर ते पाकीट पाठवायचे नाही. त्यावर आणखी एक साधी प्लास्टिकची पिशवी घालून तीही बंद करावी. लोणच्यासाठी काचेची बरणी शक्यतो टाळावी. आतून पत्र्याचे सील बसणारी प्लास्टिकची बरणी घ्यावी आणि झाकणाभोवती टेपचा एक वेढा द्यावा.

चकली, कडबोळी, अनारसे यांचा तुकडा पडतो तो वरून आपटल्याने कमी आणि आतल्या आत हलल्याने जास्त. डबा काठोकाठ भरावा आणि उरलेली पोकळी चुरगाळलेल्या कागदाने भरावी. खोके बंद केल्यावर कानाजवळ धरून हलवून पाहावे. आत काही सरकल्याचा आवाज आला तर ते उघडून पुन्हा भरावे. त्यानंतर कमरेइतक्या उंचीवरून ते एकदा कोपऱ्यावर आणि एकदा सपाट बाजूवर जमिनीवर टाकून पाहावे. नवा पदार्थ किंवा नवे खोके सुरू करताना ही परीक्षा मी आवर्जून घेते, कारण प्रवासात त्या पार्सलला याहून मऊ वागणूक मिळेल असे समजणे बरोबर नाही.

टेप लावताना मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर एकेक, अशा वर तीन आणि खाली तीन पट्ट्या लावाव्यात. सुतळी बांधण्याची आपली जुनी सवय सोडून द्यावी. वर्गवारीच्या ठिकाणी पार्सले सरकत्या पट्ट्यावरून जातात आणि सुतळी त्यात अडकते.

इथेच दोन कायदेशीर बाबी सांगायला हव्यात. अन्नपदार्थ विकणाऱ्याकडे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी असली पाहिजे आणि तो चौदा अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असला पाहिजे. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष, उत्पादकाचे नाव व पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क हेही लागते. दुसरी बाब जीएसटीची. स्वतःच राज्याबाहेर करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना काही अटींवर सवलत आहे. पहिले पार्सल राज्याबाहेर पाठवण्यापूर्वी हे आपल्या कर सल्लागाराकडून नक्की करून घ्यावे.

पत्ता

पत्ता हा ग्राहकाने पाठवला तसाच्या तसा लेबलावर चिकटवण्याचा मजकूर नव्हे. तो वाचून, तपासून, नीट मांडायचा असतो. व्हॉट्सॲपवर येणारा पत्ता बहुधा असा असतो: ‘वडगाव, मारुती मंदिराजवळ’. आता वडगाव बुद्रुक पुण्यात आहे आणि त्याचा पिनकोड ४११०४१ आहे. वडगाव शेरीही पुण्यातच, परंतु शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिनकोड ४११०१४. वडगाव मावळ ४१२१०६. आणि कोल्हापूर जिल्ह्यातले पेठ वडगाव ४१६११२. मारुतीचे मंदिर यांपैकी प्रत्येक ठिकाणी आहे. पिनकोड नसता तर त्या पार्सलने यांतले कोणते वडगाव गाठायचे, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला, आणि ती योजना आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी होते, याचा मला फार अभिमान वाटतो. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या कार्यालयापर्यंत नेतात. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ यांनी सुरू होतात आणि गोव्याचे ४०३ ने. वर्गवारीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा मात्र एकच नसतात: सातारा शहर ४१५००१ आणि रत्नागिरी ४१५६१२, दोन्हींचे पहिले तीन अंक सारखे आहेत. त्यामुळे ‘४१५ म्हणजे सातारा’ असे गृहीत धरून शेवटचे अंक अंदाजाने लिहिले तर घाट उतरून पार्सल कोकणात जाईल. पिनकोड नेहमी पोस्टाच्या संकेतस्थळावर गावाच्या नावाने शोधून ताडून पाहावा, आणि ग्राहकाने दिलेले गाव व पिनकोड जुळत नसतील तर फोन करून विचारावे.

पोस्टाने २०२५ मध्ये डिजिपिन नावाचा दहा चिन्हांचा संकेतही आणला आहे, जो सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या जागेपर्यंत नेमका निर्देश करतो. तो पिनकोडाच्या जागी लिहायचा नसून, शेतातले घर किंवा नव्या वसाहतीतला बंगला शोधायला मदत म्हणून पत्त्याच्या शेवटी दिला तर चालतो.

लेबलावर पत्ता या क्रमाने मांडावा: पूर्ण नाव, घर किंवा सदनिका क्रमांक, इमारत, रस्ता, ठळक खूण, गाव व तालुका, जिल्हा, राज्य, पिनकोड आणि चालू असलेला मोबाइल क्रमांक. पिनकोड वेगळ्या ओळीवर आणि मोठ्या अक्षरांत असावा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पोस्टाने पाठवायच्या पार्सलवर मराठी पत्ता बिनदिक्कत चालतो. राज्याबाहेर किंवा कुरिअरने पाठवताना रोमन लिपीत लिहावा. परतीचा पत्ता कधीही गाळू नये. त्याचबरोबर दोन्ही पत्ते आणि दोन्ही फोन क्रमांक असलेली एक चिठ्ठी खोक्याच्या आत, बिलासोबत ठेवावी. बाहेरचे लेबल फाटले किंवा भिजले तरी खोके उघडणाऱ्याला ते कोणाचे आहे हे कळते. त्या पहिल्या पावसाळ्यानंतर अशा चिठ्ठीविना आमच्या घरातून एकही पार्सल गेलेले नाही.

लेबल छापणे

सुरुवातीला वेगळे यंत्र घेण्याची गरज नाही. ए-फोर कागदाचे चार सारखे भाग केले की प्रत्येक भाग १०५ बाय १४८ मिलिमीटरचा होतो, आणि कुरिअरचे प्रमाण लेबल चार बाय सहा इंचांचे, म्हणजे जवळपास तेवढेच असते. म्हणून मध्यस्थ सेवांच्या छपाईच्या पर्यायांत एका पानावर चार लेबले हा पर्याय असतो, तो निवडावा. साध्या कागदावर छापायचे तर लेझर प्रिंटरवर छापावे. शाईच्या प्रिंटरवरचे अक्षर पाण्याने फुटते, लेझरचे सहसा फुटत नाही. घरी शाईचाच प्रिंटर असेल तर छापलेले लेबल पारदर्शक जॅकेटमध्ये घालावे; चिकट पाठ असलेली ही जॅकेट शंभराच्या गठ्ठ्यात मिळतात.

छापताना एका बारीक गोष्टीकडे दुर्लक्ष होते. छापण्याची आज्ञा दिल्यावर पडद्यावर उघडणाऱ्या चौकटीत ‘पानात बसवा’ अशा अर्थाचा पर्याय आपोआप निवडलेला असतो आणि त्यामुळे लेबल थोडे आक्रसते. अक्षरे वाचता येतात, त्यामुळे आपल्याला काही बिघडले आहे असे वाटत नाही, पण बारकोडाच्या रेघा एकमेकींना खेटतात आणि यंत्राला त्या वाचता येत नाहीत. माप नेहमी १०० टक्के ठेवावे. पहिले लेबल छापल्यावर मोबाइलवरच्या बारकोड वाचणाऱ्या ॲपने ते वाचून पाहावे. फोनला वाचता आले नाही तर कुरिअरच्या यंत्रालाही अडचण येणार हे धरून चालावे.

पार्सलांची संख्या दिवसाला आठ-दहाच्या पुढे गेली की थर्मल लेबल प्रिंटर घेणे योग्य ठरते. त्याला शाई लागत नाही. उष्णतेने काळा पडणारा खास कागद असतो आणि चिकट पाठीची लेबले गुंडाळीतून एकामागून एक निघतात. बहुतेक यंत्रे २०३ डीपीआयची, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणारी असतात आणि बारकोडासाठी ती पुरेशी आहेत. मात्र उष्णतेनेच छपाई होत असल्याने हा कागद उन्हात आणि गॅसजवळ काळवंडतो, तर छापलेले अक्षर काही महिन्यांनी फिके होते. आमच्याकडे गुंडाळ्या सुरुवातीला पाकिटे बंद करायच्या सीलरच्या शेजारीच ठेवल्या जात आणि वरची लेबले करडी पडत. आता त्या कपाटात असतात.

लेबल खोक्याच्या सर्वांत मोठ्या सपाट बाजूवर, मधोमध लावावे. ते कडेवरून वळता कामा नये आणि खोक्याच्या फटीवरही येता कामा नये, कारण माल पाहण्यासाठी कोणी फट कापली तर बारकोडही कापला जातो. बारकोडाच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा असते, ती यंत्राच्या सोयीसाठी आहे. तिथे ‘सावकाश हाताळा’ असे शिक्के मारू नयेत. वरून चकचकीत सेलोटेप चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यावरून प्रकाश परावर्तित होऊन वाचन चुकते, शिवाय थर्मल कागदावरचे अक्षर टेपच्या डिंकाने उडते. म्हणून टेप लावायचीच असेल तर बारकोड मोकळा सोडून फक्त कडांवर लावावी.

स्पीड पोस्टच्या क्रमांकाची रचना माहीत असली तर चुका लगेच सापडतात. आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारतासाठी आयएन, अशी ती तेरा चिन्हे असतात. नऊपैकी शेवटचा अंक आधीच्या आठ अंकांवरून गणिताने काढलेला तपासणीचा अंक असतो, त्यामुळे ग्राहकाला क्रमांक कळवताना एखादा अंक चुकला तर संकेतस्थळ तो क्रमांक सहसा स्वीकारतच नाही. असे झाले की पार्सल हरवले म्हणून घाबरू नये. आधी पावतीवरून क्रमांक पुन्हा ताडून पाहावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे पावतीचा फोटोच पाठवावा.

हातून सोडताना

कुरिअरचा माणूस आला की त्याने प्रत्येक पार्सल आपल्यासमोर यंत्राने वाचून घ्यावे असा आग्रह धरावा, आणि पार्सलांच्या यादीवर त्याची सही व वेळ घ्यावी. नुसती मोजणी करून नेलेली पार्सले वाटेत हरवली तर ती दिलीच होती हे सिद्ध करायला आपल्याकडे काही नसते. पोस्टात जायचे असेल तर सकाळी किंवा दुपारच्या जेवणानंतर लगेच जावे. तिथून टपाल पुढे रवाना होण्याची वेळ विचारून ठेवावी, कारण ती चुकली की पार्सल दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहते. दिवाळीच्या फराळासाठी मी ग्राहकांना वसुबारसेच्या दहा दिवस आधीची शेवटची तारीख देते आणि त्यानंतर राज्याबाहेरची मागणी घेत नाही. मागणी नाकारताना जड जाते, परंतु पाडव्यानंतर पोहोचलेला फराळ कोणालाच आनंद देत नाही.

पॉवर बँक, अत्तराचे फवारे, नेलपॉलिश आणि ज्वालाग्राही द्रव विमानाने पाठवता येत नाहीत. भेटवस्तूंच्या पेटीत यांतली एखादी वस्तू असेल तर जमिनीवरून जाणारी सेवा त्यांना घेते का, हे आधीच विचारावे. पार्सलमधल्या वस्तूचे नाव लेबलावर खरे लिहावे. परदेशी पार्सलांसाठी सीमाशुल्काचे कागद लागतात आणि पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रे त्या कामात मदत करतात. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्याने पहिल्यांदा प्रत्यक्ष केंद्रात जाऊनच समजून घ्यावा.

पार्सल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय ठेवायची की नाही, हा प्रत्येकाचा निर्णय आहे. ग्राहकाने पार्सल घेतले नाही तर जाण्याचे आणि परतीचे असे दोन्ही भाडे विक्रेत्याच्या माथी बसते, आणि घेतले तरी पैसे काही दिवसांनी हाती येतात. आम्ही ही सोय फक्त आधी एकदा तरी माल घेतलेल्या ग्राहकांना देतो आणि लेबल छापण्यापूर्वी त्यांना फोन करतो. फोन उचलला नाही तर लेबल छापत नाही. एवढ्या एका नियमाने परत येणाऱ्या पार्सलांची संख्या बरीच कमी झाली.

तरीही काही परत येतातच. परत आलेले खोके उघडतानाही बाहेरून सहा बाजूंचे फोटो काढावेत, वाटेतल्या शेऱ्याची चिठ्ठी जपून ठेवावी आणि ग्राहकाला त्याच दिवशी कळवावे. आतले अन्नपदार्थ पुन्हा विकू नयेत. किती उन्हात आणि किती दिवस ते पडून होते, हे आपण पाहिलेले नसते. खोके धड असेल तर ते दुसऱ्यांदा वापरायला हरकत नाही, मात्र त्याच्यावरचे जुने लेबल आणि मार्गात चिकटलेल्या सर्व छोट्या चिठ्ठ्या खरवडून काढाव्यात, निघत नसतील तर काळ्या जाड पेनाने बारकोडाच्या रेघा आडव्या-उभ्या पूर्ण झाकाव्यात. तसे न केल्यास वर्गवारीचे यंत्र जुना बारकोड आधी वाचते आणि नव्या ग्राहकाचे पार्सल जुन्या ग्राहकाच्या गावी निघून जाते.